द्विकॅमेराविवेक अथवा दोन मिलिमीटरांची मीमांसा

ग्रंथारंभी अनुबंधचतुष्टय सांगावे, असा शिष्टसंप्रदाय आहे. ग्रंथ कोणी वाचावा, तो कशाविषयी आहे, विषयाशी त्याचे नाते काय आणि वाचून हाती काय लागणार, या चार गोष्टी आधीच उघड केल्या म्हणजे नको असलेल्याला वेळेवर उठून जाता येते. प्रस्तुत ग्रंथाचा अधिकारी म्हणजे नोकरीनिमित्त बेंगळुरूत येऊन राहिलेला, ‘दोन वर्षांत पुण्याला परत’ असे दर दोन वर्षांनी म्हणणारा, गुडघे अजून शाबूत असलेला, आणि घरात एक चांगला चालणारा कॅमेरा असूनही दुसरा घेण्याच्या विचारात पडलेला मराठी मनुष्य, मग ती स्त्री असो वा पुरुष. विषय दोन कॅमेरे: सोनीचा ए-सेव्हन-फोर आणि निकॉनचा झेड-सिक्स-थ्री. संबंध मासिक हप्त्याचा. प्रयोजन फोटो काढणे, असे निदान घरी सांगितले जाते.

एक आक्षेप आधीच निकालात काढला पाहिजे. ‘कॅमेऱ्यात काय आहे, फोटो डोळा काढतो’ असे एक वचन छायाचित्रकारांच्या मेळ्यात हमखास ऐकू येते. हे वचन उच्चारणाऱ्याच्या खांद्याला नेमका लाखाच्या पुढचा कॅमेरा लटकत असतो, हे आम्ही लालबागेत वारंवार पडताळून पाहिले आहे. फोनवर फोटो काढणारा असे कधीच म्हणत नाही; पिंगळ्याच्या जागी तपकिरी डाग मिळाल्यावर माणसाची अशा वचनांवरची श्रद्धा उडते. शिवाय डोळाच फोटो काढतो हे मान्य केले तरी तो डोळा व्ह्यूफाइंडरला लावावा लागतो, आणि व्ह्यूफाइंडर दोन कंपन्यांनी दोन तऱ्हेचे केले आहेत. म्हणून विवेक अटळ आहे.

या विवेकाला कर्नाटकाइतकी योग्य भूमी नाही. शृंगेरीला शंकराचार्यांचे पीठ आहे, मेलकोट्याला रामानुजाचार्यांचे वास्तव्य झाले, उडुपीला मध्वाचार्यांनी कृष्णाची स्थापना केली. अद्वैत, विशिष्टाद्वैत आणि द्वैत या तिन्ही दर्शनांची ठाणी एकाच राज्यात आहेत. कॅमेऱ्यांबाबतही पक्ष तीनच संभवतात.

अद्वैती म्हणतो, दोन कॅमेरे हा भ्रम आहे. दोघांचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांचे सेन्सर सोनीच्याच कारखान्यांत तयार होतात. मग भेद उरला तो नामरूपाचा, म्हणजे गळ्यातल्या पट्ट्यावर पिवळी अक्षरे आहेत की नारिंगी खूण आहे एवढाच. अद्वैती मनुष्य विचारांनी फार उंच असतो आणि सहसा काहीच विकत घेत नाही.

विशिष्टाद्वैती म्हणतो, तत्त्व एक असले तरी ते विशेषणांनी युक्त आहे. रामानुजांनी शरीर आणि शरीरी यांचा अतूट संबंध सांगितला. आपणही नुसत्या कॅमेऱ्याला बॉडी म्हणतो आणि लेन्सवाचून ती निष्प्राण असते. या पक्षाकडे पुढे यायचे आहे.

द्वैती मात्र ठामपणे सांगतो की भेद खरा आहे, नित्य आहे, आणि एक नसून पाच आहेत. मध्वमताचे पंचभेद असे: ईश्वर आणि जीव, ईश्वर आणि जड, जीव आणि जीव, जीव आणि जड, जड आणि जड. आपल्या प्रांतात जड म्हणजे कॅमेरा. जीव म्हणजे तो गळ्यात अडकवणारा. ईश्वर म्हणजे क्रेडिट कार्ड देणारी बँक; ती कोणाला दिसत नाही, सर्वत्र असते आणि महिन्याच्या ठरल्या तारखेला ज्याच्या त्याच्या कर्माचे फळ देते. प्रस्तुत ग्रंथाने हीच चौकट पत्करली आहे, कारण पाच भेद असले की ग्रंथ लांबवता येतो.

भेदांकडे वळण्यापूर्वी पूर्वसूरींना वंदन. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९६ साली मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे पाहिली, विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती त्यात पकडली. दादासाहेब फाळके १९१२ साली विम्याच्या पॉलिसींवर पैसा उभा करून लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी चित्रित केली. येथे अभ्यासकाने टाचण करून ठेवावे. अडीच लाखांचा कॅमेरा घरी आणणारा मराठी माणूस पहिला फोटो गॅलरीतल्या कुंडीचा काढतो, तो आळसाने नव्हे. त्यामागे शंभर वर्षांहून जुना घरंदाज पायंडा आहे.

तिसरे वंदन कर्नाटकातच करायचे आहे. बेल्लारीच्या बाजूचे सांडूर हे घोरपड्यांचे मराठी संस्थान. त्या घराण्यातले मुरारराव यशवंतराव घोरपडे १९७२ ते १९७७ या काळात कर्नाटकाचे अर्थमंत्री होते, आणि वन्यजीवांच्या कृष्णधवल छायाचित्रांसाठी त्यांचे नाव देशाबाहेरही झाले. अर्थखाते आणि छायाचित्रण ही दोन खाती एकाच माणसाकडे सुखाने नांदू शकतात, याचा हा दुर्मीळ पुरावा होय. आमच्या घरी ती दोन वेगळ्या व्यक्तींकडे आहेत.

आता जड आणि जड यांतला भेद. हा सर्वांत सोपा, कारण दोन्ही बाजू गप्प बसतात.

सोनीचा सेन्सर ३३ मेगापिक्सेलचा आहे, निकॉनचा साडेचोवीसचा. हा फरक ऐकताच अननुभवी जिज्ञासू सोनीकडे धाव घेतो. परंतु मेगापिक्सेल हे क्षेत्रफळ आहे. लांबीच्या हिशेबाने सोनीचे चित्र ७००८ पिक्सेल रुंद आणि निकॉनचे ६०४८, म्हणजे सुमारे सोळा टक्क्यांचा फरक. इंचाला तीनशे ठिपके धरून छापले तर एक चित्र २३ इंचांहून किंचित मोठे होते आणि दुसरे २० इंचांचे. या तीन इंचांवरून मित्रामित्रांत अबोला आलेला आम्ही पाहिला आहे. प्रत्यक्षात ते चित्र ‘आजची सकाळ, लालबाग’ अशा मथळ्याखाली कुटुंबाच्या ग्रुपवर जाते, तेथे व्हॉट्सॲप साध्या दर्जात त्याची लांब बाजू सोळाशे पिक्सेलवर आणून ठेवते, आणि सांगलीची आत्या ते न उघडताच हात जोडल्याचे चिन्ह पाठवते. १९७५ साली कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्यात सगळे मिळून दहा हजार पिक्सेल होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आत्याचा प्रतिसाद त्या चित्रालाही हाच मिळाला असता.

तरी सोनीपंथीयांचे क्रॉपचे प्रतिपादन खोडता येत नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. पक्षी पन्नास मीटरवर असेल तर ती सोळा टक्के भरून काढायला निकॉनवाल्याला सुमारे सात मीटर पुढे सरकावे लागेल. हेब्बाळच्या तलावावर सात मीटर पुढे म्हणजे पाण्यात. हा गुण सोनीला दिला पाहिजे.

वजनाचे शास्त्र याहून सूक्ष्म आहे. बॅटरी आणि कार्डासह सोनी ६५८ ग्रॅम भरतो, निकॉन ७६०. निकॉन १०२ ग्रॅमनी जड ठरला, असे म्हणून सामान्य लेखक येथे थांबतो. परंतु पक्ष्यांच्या नादी लागलेला मनुष्य नुसती बॉडी घेऊन हिंडत नाही. सोनीची २००-६०० मिलिमीटर लेन्स तिपाईचा पाय काढल्यावर २११५ ग्रॅम आणि निकॉनची १८०-६०० तशीच १९५५ ग्रॅम. बेरीज करा. सोनीची सामग्री २७७३, निकॉनची २७१५. जो जड होता तोच ५८ ग्रॅमनी हलका निघाला, म्हणजे एका टेनिस चेंडूच्या वजनाने. एवढ्यासाठी निर्णय फिरवलेले विद्वान सकाळी लालबागेतून बाहेर पडून थेट १९२४ साली सुरू झालेल्या एमटीआर उपाहारगृहात जातात, आणि तेथून निघताना त्यांच्या खांद्यावरचे नव्हे, पण एकूण वजन किती वाढलेले असते, हे कोणत्याही तक्त्यात नोंदले जात नाही.

वेगाच्या बाबतीत मात्र प्रकरण तत्त्वज्ञानात शिरते. यांत्रिक शटरने सोनी सेकंदाला दहा चित्रे काढतो, निकॉन चौदा. खंड्या पाण्यात सूर मारतो तेव्हा ही चार जास्तीची चित्रे उपयोगी पडतात, असा समज आहे. अनुभव असा की त्या चारांतही फक्त पाण्याचे शिंतोडे असतात. परंतु निकॉनमध्ये आणखी एक सोय आहे. बटण अर्धे दाबून धरले की ते पूर्ण दाबण्याच्या आधीच्या एका सेकंदापर्यंतची चित्रेही, जेपेगमध्ये का होईना, तो राखून ठेवतो. म्हणजे कारण घडण्यापूर्वी कार्य अस्तित्वात असते. हा शुद्ध सांख्यांचा सत्कार्यवाद आहे: तिळात तेल आधीच असते, घाणा ते फक्त बाहेर काढतो. सोनीचा हा कॅमेरा उलट नैयायिकांच्या बाजूचा. बटण दाबाल तेव्हाच चित्र उत्पन्न होईल, त्याआधी त्याचा निव्वळ अभाव. हजारो वर्षे न मिटलेला वाद हेब्बाळच्या बांधावर मिटतो, आणि तो सांख्यांच्या बाजूने मिटतो, कारण खंड्या उडाला हे मेंदूला कळून बोटापर्यंत निरोप पोहोचेस्तोवर खंड्या मासा गिळून पुन्हा फांदीवर आलेला असतो.

या वेगाची किंमत निकॉनने दुसरीकडे मोजली आहे. त्याचा जलद सेन्सर कमी आयएसओला सावल्यांत किंचित जास्त दाणे दाखवतो. सोनीचा सेन्सर सावकाश वाचला जातो, त्यामुळे आवाज न करणारे शटर वापरून धावत्या बसचा फोटो काढला की बस तिरपी येते. हा दोष बेंगळुरूत प्रकट होत नाही. येथे बस तेवढी धावत नाही.

मेमरी कार्डांबाबत दोन ओळी पुरेत. सोनीला सीएफएक्सप्रेसची तुकडी अ लागते आणि निकॉनला तुकडी ब. दोन्ही तुकड्यांची फी जबर आहे. दोघांतही दुसरी खाच साध्या एसडी कार्डाची असल्याने गरिबाचे निभते. व्हिडिओविषयी हा ग्रंथ मौन पाळतो.

लेन्स बसवण्याची दिशा हा भेद बाजारातल्या तुलनांत कोणी घेत नाही. तो येथे प्रथमच विस्ताराने मांडतो. कॅमेऱ्याकडे समोरून पाहिले असता सोनीची लेन्स घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून बसते, देवाला प्रदक्षिणा घालावी तशी. निकॉनची नेमकी उलट फिरते. थोडक्यात सोनी सव्य आहे आणि निकॉन अपसव्य. आता अपसव्य हे पितृकार्यात करतात, यावरून निकॉनची लेन्स पितरांकडून येत असली पाहिजे असे अनुमान आम्ही केले, आणि ते बरेचसे खरे ठरले. निकॉनचे जुने एफ माउंट १९५९ सालचे. त्या घराण्यातल्या कितीतरी जुन्या लेन्स कंपनीच्याच अडॅप्टरने आजच्या झेड कॅमेऱ्यावर बसतात. कोणाच्या तरी कपाटात, जुन्या रुमालात गुंडाळलेली, आजोबांची ५० मिलिमीटरची लेन्स निघतेच. फोकस हाताने फिरवावा लागतो. पण श्राद्धात सगळे हातानेच करायचे असते.

इतक्या सामग्रीचे करायचे काय? बेंगळुरूचा शास्त्री येथे एक्सेल उघडतो. गौतमाच्या न्यायशास्त्रात प्रमाणे चार आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. या शहराने पाचवे दिले, तक्ता. आडव्या ओळींत गुणधर्म, उभ्या रकान्यांत दोन कॅमेरे, आणि मध्ये भारांक. व्ह्यूफाइंडरला पंधरा टक्के, बॅटरीला दहा, वजनाला दहा, अशी वाटणी होते. मग खालच्या ओळीत बेरीज येते आणि नको तो कॅमेरा जिंकतो. त्यावर शास्त्री पुन्हा वर जातो, बॅटरीचा भारांक दहावरून चारवर आणतो आणि स्वतःशी म्हणतो की जास्तीची बॅटरी खिशात ठेवता येतेच. (सोनीची बॅटरी व्ह्यूफाइंडर वापरून प्रमाणित चाचणीत ५२० चित्रे काढते, निकॉनची ३६०, हा आकडा ज्याच्या तक्त्यात चार टक्क्यांवर आलेला दिसेल तो निकॉनकडे झुकलेला आहे, असे खुशाल समजावे.) तक्त्याचा खरा उपयोग निर्णय करण्याचा नाही. आपल्याला काय हवे आहे हे तो आपल्यालाच सांगतो, आणि ते दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत सांगतो. असे दुसरे कोणते प्रमाण आहे?

जीव आणि जड यांच्या भेदासाठी मात्र खुर्चीतून उठून दुकानात जावे लागते. एम. जी. रोडच्या बाजूला कॅमेऱ्याच्या दुकानात शिरले की काउंटरवरचा मुलगा आधी विचारतो, “व्हिडिओ माड्तीरा, सार?”, म्हणजे व्हिडिओ करता का. नाही म्हटले की त्याच्या चेहऱ्यावर करुणा दाटते. तो दोन्ही कॅमेरे काचेवर ठेवतो. येथे दोनच गोष्टी तपासायच्या. पहिली करंगळी. मूठ आवळल्यावर करंगळीला खाली टेकायला जागा मिळते की ती अधांतरी लोंबते? निकॉनची पकड खोल आहे. दुसरी गोष्ट चष्मा. व्ह्यूफाइंडरपासून डोळा किती दूर ठेवून पूर्ण चौकट दिसते याचे माप सोनीत २३ मिलिमीटर आहे आणि निकॉनमध्ये २१. चष्मेवाल्याला हे दोन मिलिमीटर सोन्याच्या मोलाचे, कारण तेवढ्यात चौकटीचे कोपरे दिसू लागतात. उलट निकॉनचा व्ह्यूफाइंडर ५७ लाखांहून अधिक ठिपक्यांचा आणि सोनीचा ३७ लाखांच्या आतला, म्हणजे निकॉनमध्ये कोपरे दिसले नाहीत तरी जे दिसते ते उत्तम दिसते. प्रस्तुत लेखकाला चष्मा आहे. हे दोन मिलिमीटर सोनीच्या खाती जमा करून पुढे जातो. दोन मिलिमीटरांशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

ईश्वर आणि जीव यांच्या भेदाविषयी फार बोलवत नाही. भारतात दोन्ही बॉडी बाजारात आल्या त्या अडीच लाखांच्या जरा आतल्या किमतीला. या किमतीत अठरा टक्के जीएसटी अंतर्भूत असतो, म्हणजे सुमारे अडतीस हजार रुपये. २०१८ संपेपर्यंत हाच कर अठ्ठावीस टक्के होता, तेव्हा सरकारने छायाचित्रकलेला काहीच दिले नाही असे कोणी म्हणू नये. मॅजेस्टिकच्या नॅशनल मार्केटमध्ये बिलावाचून स्वस्त मिळेल असा सल्ला देणारे भेटतात. तो माल ‘ग्रे’ असतो, आणि वॉरंटीचा प्रश्न निघाला की दुकानदार अद्वैती होतो. तो म्हणतो, मी कोण, तू कोण?

इतिहासाचा एक दाखला येथे देणे भाग आहे. बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर होती, पुढे ती एकोजीराजांकडे गेली. १६८७ साली मोगलांनी शहर जिंकले आणि ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्क देवराज वोडेयरांच्या हवाली झाले, असे इतिहासात सांगतात. आज त्याच शहरात तीन लाखांत बॉडी आणि एक साधी लेन्स मिळते, सहाशे मिलिमीटरची मिळत नाही. मराठी माणसाने बेंगळुरूत व्यवहार करताना घाई करू नये, एवढा बोध यातून निघतो आणि आम्ही तो काटेकोर पाळत आहोत.

ईश्वर आणि जड यांचा भेद काळाच्या रूपाने प्रकट होतो. उडुपीच्या कृष्णाच्या पूजेचा मान आठ मठांकडे आळीपाळीने दोन दोन वर्षे जातो, आणि त्यात शतकानुशतके खंड नाही. कॅमेऱ्यांच्या अवतारांना अशी शिस्त नाही. सोनीचा ए-सेव्हन २०१३ मध्ये आला, दुसरा अवतार २०१४ मध्ये, तिसरा २०१८ मध्ये, चौथा २०२१ मध्ये. निकॉनचा झेड-सिक्स २०१८ चा, दुसरा २०२० चा, तिसरा २०२४ चा. गुरुपुष्यामृताची तारीख पंचांगात सापडते, पुढच्या अवताराची सापडत नाही. अफवांवर जगणारे लोक दर दिवाळीला ‘थांबा, नवा येतोय’ असे सांगतात आणि त्यांच्या सल्ल्याने थांबलेले आमचे एक स्नेही अजून २०१२ सालच्या कॅमेऱ्यावर आहेत. त्यांचे फोटो आमच्याहून चांगले येतात. ही गोष्ट या ग्रंथाच्या कक्षेत येत नाही.

आता राहिला जीव आणि जीव यांतला भेद. ग्रंथ येथवर आला तो याचसाठी.

छायाचित्रकार एकटा नसतो. गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात, सोसायटीच्या गणपतीत, रंगनतिट्टूच्या होडीत त्याला दुसरा छायाचित्रकार भेटतो, आणि पहिली नजर चेहऱ्यावर न जाता गळ्यातल्या पट्ट्यावर जाते. पट्टा एकच निघाला तर बंधुभाव उपजतो. हा बंधुभाव वरवर तात्त्विक दिसला तरी त्याचे मूळ पूर्णपणे आर्थिक आहे: पट्टा एक म्हणजे माउंट एक, आणि माउंट एक म्हणजे लेन्स उसनी मिळण्याची शक्यता. दीड-दोन लाखांची लेन्स वर्षातून चार रविवारी लागते. बाकीच्या रविवारी ती कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांशेजारी निजलेली असते. मनुष्यजातीने शिडी, पाटावरवंटा आणि मोठे पातेले यांबाबत जो सामाजिक करार शतकांपूर्वी केला, तोच सहाशे मिलिमीटरच्या लेन्सला लागू केल्यावाचून हा छंद मध्यमवर्गाला झेपणारा नाही. विशिष्टाद्वैत्याचे म्हणणे येथे खरे होते. बॉडीला तिचे विशेषण हवे, आणि ते विशेषण शेजाऱ्याच्या कपाटात आहे.

तेव्हा कोणता कॅमेरा घ्यावा, हा प्रश्न बदलून तो असा होतो: लेन्स कोणाकोणाकडून आणता येईल? आमच्या ओळखीत जे. पी. नगरचे काका निकॉनवाले आहेत आणि व्हाइटफील्डच्या वहिनी सोनीवाल्या. काका उदार आहेत, पण प्रत्येक रविवारी ते स्वतःच कोकरेबेल्लूरला झोळीवाल्या पक्ष्यांच्या भेटीला निघतात. वहिनींची २००-६०० बहुधा घरीच असते, कारण त्यांच्या मुलाची दहावी आहे. म्हणजे उदार मनुष्याची लेन्स मोकळी नाही आणि मोकळी लेन्स दुसऱ्या पंथाची आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण अशाच प्रसंगी सुचली असावी.

आणि येथे ते दोन मिलिमीटर पुन्हा समोर येतात. लेन्स जेथे बसते ती कड आणि सेन्सर यांतले अंतर सोनीत १८ मिलिमीटर आहे. निकॉनमध्ये १६. शिवाय निकॉनच्या माउंटचे तोंड ५५ मिलिमीटर रुंद आहे आणि सोनीचे साधारण ४६. यावरून काय निष्पन्न होते ते सावकाश पाहावे. सोनीची लेन्स अठरा मिलिमीटरांच्या हिशेबाने घडवलेली. ती निकॉनवर लावायची तर दोन मिलिमीटरांची उणीव भरून काढली की झाले, आणि रुंद तोंडात अरुंद गोष्ट मावतेच. म्हणून दोन मिलिमीटर जाडीचे, आत विजेच्या जोडण्या असलेले कडे मिळते. कॅमेरा कंपन्यांखेरीज इतर लोक ते बनवतात, आणि त्याने सोनीची लेन्स निकॉनवर बसून फोकससुद्धा आपोआप होतो. याच्या उलट करू गेल्यास निकॉनची लेन्स सोनीवर दोन मिलिमीटर जास्त दूर बसते आणि दूरचे काही स्पष्ट दिसत नाही. ते साधायला सोनीचा कॅमेराच दोन मिलिमीटर तासावा लागेल. तसे केल्यास वॉरंटी जाते.

म्हणजे निकॉनवाला दोन्ही घरी जेवू शकतो, सोनीवाला आपल्याच घरी. पिक्सेल, वजन, वेग, बॅटरी, दाणे आणि करंगळी यांचे सगळे भेद तराजूच्या दोन्ही पारड्यांत कमीअधिक वाटले गेले होते. हा एकच भेद एकतर्फी आहे. पुढचे अवतार येतील आणि पिक्सेल बदलतील, पण १६ आणि १८ तसेच राहतील, कारण ते बदलले तर कंपनीच्या स्वतःच्याच लेन्स बसायच्या नाहीत.

प्रयोगही केला आहे. व्हाइटफील्डला फोन लावला.

“वहिनी, या रविवारी तुम्ही कुठे जाणार नसाल तर ती मोठी लेन्स…”

“अहो, पण तुम्ही निकॉन घेणार म्हणत होतात ना?”

“हो, पण दोन मिलिमीटरांचं एक कडं मिळतं.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग वहिनी म्हणाल्या, “आणि ते कडं आमच्या लेन्समधून निघेल ना परत?”

निघते. कड्याच्या मर्यादा मात्र लपवू नयेत. सोनीच्या स्वतःच्या कॅमेऱ्यावर ही लेन्स जितकी चपळ असते तितकी ती परघरी राहत नाही. दोन किलोंची लेन्स लावल्यावर भार लेन्सच्याच पायावर घ्यायचा. कॅमेऱ्याला धरून लेन्स लोंबकळती ठेवली तर त्या पातळ कड्यावर ताण येतो आणि नात्यावरही. ती आणायला सिल्क बोर्डच्या वाहतूककोंडीच्या वाटेला जाऊ नये. व्हाइटफील्डहून जांभळ्या मार्गिकेने मॅजेस्टिक, तेथे गाडी बदलून हिरव्या मार्गिकेने लालबाग, आणि सबंध वेळ पिशवी मांडीवर. परत करताना मागचे झाकण लावलेले आहे का ते पाहावे आणि सोबत काही खाऊ न्यावा.

तेव्हा निर्णय असा. ज्याला उसने आणणे कमीपणाचे वाटते, ज्याला चष्मा आहे आणि फोटो मोठे छापून भिंतीवर लावायचे आहेत, त्याने सोनी घ्यावा. कॅमेरा उत्तम आहे. बाकी सर्वांनी निकॉन घ्यावा. प्रस्तुत लेखक चष्मा असूनही निकॉन घेत आहे. बेंगळुरूतल्या ज्या सोनीपंथीयांकडे २००-६०० आहे आणि घरात कोणाची दहावी किंवा बारावी आहे, त्यांनी कोणता रविवार सोयीचा ते कळवावे. कडे आमचे आम्ही घेऊन येऊ.